पत्र्याचा आडोसा

"सॉक कुठं गेला?" मी विचारलं.

प्रभुण्यांनी उत्तर द्यायच्या आधी माझ्या बुटांकडे पाहिलं. "आज तरी पॉलिश करून यायचं होतंस, वैजयंती. नानासाहेब पहिल्या रांगेत बसणार आहेत."

"बुटांचं सोडा हो. सॉक कुठाय?"

सॉक म्हणजे वाऱ्यानं फुगणारा तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा कापडी नळा. विमानतळावर खांबाला लावलेला असतो, तुम्ही पाहिला असेल. वारा कुठून येतोय, किती जोराचा आहे, एकसारखा वाहतोय की हिसके देतोय, हे सगळं तो सांगतो. आमच्या हिंगणमाळच्या ग्लायडिंग क्लबवर टॉवर नव्हता, वायरलेस नव्हता, सूचना देणारं कुणी नव्हतं. होता तो सॉक. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाऊन दुसरा डाव खेळता येत नाही. म्हणून उतरणारा माणूस शेवटची नजर टाकतो ती सॉकवर. आम्ही जिथं टेकायचो त्या उत्तरेच्या टोकाशी, धावपट्टीच्या पश्चिम अंगाला, मी क्लबात यायच्याही आधीपासून तो उभा होता.

त्या सकाळी तिथं मांडव उभा होता.

"अगं, तिकडे हलवलाय." प्रभुण्यांनी पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडे हात केला. "इथं मेल्यासारखा लोंबत होता. मधेच गरागरा फिरायचा, खांबाला गुंडाळून बसायचा. फोटोवाला म्हणाला, साहेबांच्या शेजारी हे असलं बरं दिसत नाही. आता बघ तिकडे कसा झोकात फुगलाय."

फुगला होता खरा. मोकळ्या माळावर फुगणारच की! प्रभुणे आमचे सचिव. क्लबचं सचिवपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, पण ग्लायडरमध्ये एकदाही बसले नाहीत. त्यांना चक्कर यायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सॉक लोंबतोय, फिरतोय, गुंडाळतोय म्हणजे तो काहीतरी बोंबलून सांगतोय, एवढं कळायला विमान उडवावं लागतं का हो? तर ह्यांनी त्याचं ऐकायचं सोडून त्यालाच उचलून बाहेर काढला.

मांडवाची तऱ्हा आणखी निराळी. क्लबचा रौप्यमहोत्सव होता, दोन दिवसांचा, आणि नानासाहेब प्रमुख पाहुणे. पाहुण्यांची तोंडं धावपट्टीकडे आणि पाठ पश्चिमेला. आता आमचा माळ वाऱ्याचा. वारा आहे म्हणून तर तिथं क्लब काढला. आदल्या दिवशी मागची कापडी कनात इतकी फडफडली, की माइक लावून बघणाऱ्या माणसाचा आवाज कुणाला ऐकू येईना, आणि हारांचं टेबल उलटलं. मग प्रभुण्यांनी मांडववाल्याला सांगून मागं आणि दोन्ही बाजूंना पत्रे ठोकून घेतले, चांगले दोन मजली उंच. आतून गुलाबी कापड लावलं, झालरी सोडल्या. पाहुण्यांच्या टोपीला वाऱ्याचा स्पर्श होता कामा नये, असा चोख बंदोबस्त!

मी तडक रेगे सरांकडे गेले. विंग कमांडर रेगे हवाई दलातून निवृत्त होऊन आमचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. मी त्यांना किती मानत होते हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. फलटणहून एस.टी.नं येणाऱ्या, साडीवर मोठ्या भावाचा कोट घालणाऱ्या मुलीला त्यांनी 'तुला काय करायचंय उडून?' असं कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "उद्यापासून सलवार घालून ये, पॅडलमध्ये साडी अडकते." बस्स. एवढंच. शिकवायचे तर असे, की आजही मी मुलांना शिकवते ते त्यांच्याच शब्दांत.

एकदा त्यांनी एक जुना मोडका पंख जीपच्या टपावर बांधला. पंखाच्या पाठीवर लोकरीचे आखूड धागे चिकटवले, आणि आम्हाला जीपमागं उभं करून पट्टीवरून जीप पळवली. सगळे धागे मागं विंचरल्यासारखे बसले. "हे बघा," सर ओरडले, "वारा पाठीला चिकटून वाहतोय, तोवर पंख तुम्हाला उचलतो." मग पंखाचं तोंड जास्त वर केलं. धागे उभे राहून नाचायला लागले. "चिकटपणा सुटला. आता हा पंख नाही, फळी आहे." आणि शेवटी तीच जीप त्यांनी ग्लायडर ठेवायच्या हँगरच्या आडोशानं नेली. पंख पहिल्यासारखाच बसवलेला, वेग तोच. तरी अर्ध्या पंखावरचे धागे शहाण्यासारखे पडलेले आणि उरलेल्या अर्ध्यावरचे वेड्यासारखे उठलेले.

"वारा अडथळ्यावरून उडी मारून येतो तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नसतं," सर म्हणाले. "कधी खालून ढकलतो, कधी वरून दाबतो. आणि लबाडी अशी, की अचानक झोत आला तर पंख आधी क्षणभर जास्तच उचलतो. तुम्हाला वाटतं, वा! आणि मग एकदम सोडून देतो. चहा पिऊन फाइल दाबून ठेवणाऱ्या कारकुनासारखा. म्हणून हँगरच्या आडोशाला कधी उतरायचं नाही."

हे त्यांनीच शिकवलं होतं मला. लक्षात ठेवा.

"सर, मांडव टेकायच्या जागेला लागून आहे," मी म्हटलं. "आणि सॉक तिकडे नेलाय."

सर नवा टाय बांधत होते. आरशातूनच म्हणाले, "पाहिलंय मी."

"मग पलीकडे उतरू का? अर्ध्या पट्टीपुढे?"

"पाहुण्यांसमोर टेकायचं ठरलंय, भोईटे. नानासाहेब मुद्दाम बघायला येतायत, की मुलगी ग्लायडर उतरवते. क्लबला नवं ग्लायडर ते देणार आहेत, त्याचं आज जाहीर होणार आहे."

"पण वारा..."

"वारा काय दोन टोकांना वेगवेगळा असतो का? तिकडचा सॉक एकसारखा फुगलाय. थोडा वेग जास्त ठेव. जा, तयार हो."

मी गेले. सरांनी सांगितलं म्हणजे झालं.

विंचवर जयवंत पिसाळ होता. ग्लायडरला लांब दोरानं ओढून पतंगासारखं वर चढवायचं यंत्र म्हणजे विंच. जयवंत माझ्याच तुकडीतला, कोरेगावचा. त्यानं झकास वर चढवलं. दोर सोडला, आणि मग ती शांतता. ज्याला एकदा ती मिळाली त्याला दुसरं काही गोड लागत नाही. काचेवर चिकटवलेला लाल लोकरीचा दोरा सरळ मागं पडलेला, खाली माळ, मांडवाची गुलाबी झालर, खुर्च्यांत माणसं. मी दोन वळणं घेतली, सॉक पाहिला, तो आपला तिकडे फुगून उभा. सांगितल्याप्रमाणे वेग जास्त ठेवला आणि उतरायला लागले.

मांडवाच्या रेषेत आले आणि उजवा पंख आपोआप उचलला गेला. हलकेच, लाडानं. सरांचं 'वा!' मला तेव्हाच आठवलं. मी नाक खाली करायला हातातली स्टिक पुढे दाबली, पण तेवढा अवकाशच नव्हता. काचेवरचा दोरा आडवा झाला, उलटा झाला, उभा राहिला. आणि पायाखालची पायरी कुणी काढून घ्यावी तसा उजवा पंख खाली गेला. स्टिक डावीकडे नेली तर पंख ऐकेना. मग टोक जमिनीला लागलं, ग्लायडर स्वतःभोवती फिरलं आणि लाकूड मोडल्याचा आवाज आला. तो आवाज पंखाचा होता. माझ्या खांद्याच्या हाडाचा आवाज मला ऐकू आला नाही.

माणसं धावत आली. सगळ्यात आधी जयवंत, मग सर. मला बाहेर काढलं. मांडवातून माइकवर प्रभुण्यांचा आवाज येत होता, "घाबरू नका, बसून घ्या. आमची वैमानिक मुलगी जरा घाबरली, बाकी काही नाही."

घाबरली! मी अजून पट्टीवर आडवी होते, आणि ह्यांचा निकाल देऊनही झाला होता.

साताऱ्याला दवाखान्यात हात गळ्यात बांधून दिला. सकाळी जयवंत जीप घेऊन न्यायला आला. निम्मा रस्ता झाला. मग म्हणाला, "वैजे, एक सांगू? आज जरा गप राहा."

"का?"

"नानासाहेबांनी विचारलंय, कशामुळं पडलं. पेपरवाले आलेत. आज मांडवातच बैठक आहे, बक्षिसांच्या आधी. लिहून तयार झालंय, तुझी सही तेवढी राहिलीय."

"काय लिहिलंय?"

तो रस्त्याकडेच बघत राहिला. "पायलटची चूक. घाबरून वेग घालवला, असं."

"कुणी लिहिलं?"

"सरांनी."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. तेच उत्तर आलं. त्या वर्षी क्लबातून एकाला प्रशिक्षकाच्या कोर्सला पाठवायचं होतं, आणि सरांनी माझं नाव घातलेलं होतं. कोर्स झाला असता तर मी पगार घेऊन, जन्मभर, रोज उडू शकले असते. नाहीतर फलटणला बँकेतली नोकरी आणि दादाचा कोट दादाला परत. 'घाबरून' हा एक शब्द कागदावर आला, की माझा विषय संपला. घाबरणाऱ्या बाईच्या हाती शिकाऊ पोरं कोण देणार?

"आणि मांडवाचं काही लिहिलंय? सॉकचं?"

"खुळी का काय तू? मांडव नानासाहेबांच्यासाठी घातला. त्याच्यामुळं पडलं म्हणायचं? मग नवं ग्लायडर विसरा." जयवंतानं गिअर बदलला. "मला दिसलं गं सगळं. विंचवरून दिसत होतं. पण माझं कोण ऐकतंय?"

"तू बोलशील?"

त्यानं जीपचा वेग वाढवला. चांगला मुलगा होता, पण तेवढाच.

मांडवात सोफे होते, गुलाबपाणी होतं, आणि वारा अजिबात नव्हता. नानासाहेब मधल्या सोफ्यावर बसले होते. साखर कारखान्याचे चेअरमन, पांढरी टोपी, अंगानं थोराड, आवाज घोगरा. शेजारी रेगे सर, कडेला प्रभुणे कागद घेऊन. पाठीमागं पत्र्यावर वारा थडाथडा आपटत होता.

"ये पोरी, बस. हाताला लई लागलं का?"

"बरी आहे."

"रेगे म्हणतात, तू घाबरलीस. त्यात लाजायचं काय? बाईमाणूस तू. एवढं केलंस हेच लई झालं."

माझं डोकं तापलं. "मी घाबरले नाही, नानासाहेब. मांडवामुळं वारा फुटला आणि पंखानं दगा दिला."

"वारा?" नानासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. झालर लोंबत होती, हारांची पाकळी हलत नव्हती. "कसला वारा? मी काल इथंच बसलेलो. पानसुद्धा हलत नव्हतं."

"हलणार कसं? तुमच्या पाठीमागं पत्रे आहेत! तुमच्या टोपीला लागला नाही तो सगळा वारा पत्र्यावरून उडी मारून पट्टीवर पडला. माझ्या पंखावर."

प्रभुणे घाईघाईनं म्हणाले, "साहेब, सॉक एकसारखा होता. सगळ्यांनी पाहिलाय."

"सॉक इथं होता! इथं तो लोंबत होता, फिरत होता, म्हणून तुम्हीच उपटून तिकडे नेलात. फोटोसाठी!"

"आवाज खाली, भोईटे," रेगे सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. "सर, जीपवरचे लोकरीचे धागे आठवतात ना? हँगरच्या आडोशाला उठलेले? तुम्हीच म्हणालात, अडथळ्यामागं कधी उतरायचं नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते हँगर होतं. मांडव म्हणजे काय हँगर नव्हे. मुरलेल्या पायलटला एवढ्यातेवढ्या वाऱ्याचं काही वाटत नाही. तुझा हात कमी पडला. मान्य कर, सही कर. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

पुढच्या वर्षी! किती सहज म्हणाले. त्या माणसाला माहीत होतं. आरशात टाय बांधतानाही माहीत होतं. माहीत नसतं तर मी समजून घेतलं असतं हो. प्रभुण्यांना मी आजही फक्त मूर्ख म्हणते. पण सरांना माहीत होतं, आणि माहीत असून त्यांनी माझ्या माथी मारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रडले तर पुन्हा 'बाईमाणूस' होणार, म्हणून मी ओरडले.

"ठीक आहे! सर, वारा कालचाच आहे. मांडव तोच, पत्रे तेच. दुसरं ग्लायडर हँगरमध्ये उभं आहे. तुम्ही उडा आणि इथं, ह्याच जागी उतरवून दाखवा. नीट उतरलात तर मी सही करते, आणि पुन्हा ह्या माळावर पाय ठेवत नाही."

सर काही बोलणार, तेवढ्यात नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"बोलली की नाही मर्दावानी! होऊन जाऊ द्या, रेगे. आणि दोघांचं आहे ना ते दुसरं? मग मी बसतो मागं. दोन दिवस नुसता बघतोय, मला कुणी वर नेईना."

"वा वा!" प्रभुणे टाळ्या वाजवत उठले. "फोटोवाले, या इकडं! साहेब स्वतः उडणार!"

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. रंग उतरत गेला.

पुढचं सगळं बघता बघता झालं. ग्लायडर ढकलत आणलं, दोर जोडला. नानासाहेबांना मागच्या जागेवर बसवलं, टोपी काढून कुणाच्या तरी हातात दिली, पट्टे आवळले. ते लहान पोरासारखे खूश होते, काचेतून हात हलवत होते. जयवंत विंचकडे पळाला. सगळी पाहुणेमंडळी मांडवाबाहेर आली, आणि बाहेर येताच बायकांचे पदर उडाले, टोप्या धरायला हात वर गेले.

रेगे सर पंखापाशी उभे राहिले. उडण्याआधी प्रत्येक पायलट ग्लायडरभोवती एक फेरी मारतो, सगळं बघून घेतो. ती सवय त्यांनीच आम्हाला लावलेली. त्यांनी फेरी मारली. पंखाचं टोक हलवून पाहिलं. मग ते वळले आणि मांडवाकडे पाहायला लागले. खालपासून वरपर्यंत पाहिलं. पत्र्याच्या वरच्या कडेला एक झालर सुटली होती, ती कधी ह्या बाजूला तर कधी त्या बाजूला आपटत होती. बराच वेळ ते त्या झालरीकडे बघत होते.

मग हलक्या आवाजात, प्रभुण्यांना, ते म्हणाले, "आधी ते पत्रे काढून घ्या."

प्रभुण्यांना कळलंच नाही. "आँ?"

"पत्रे काढा म्हणतो. मागचे सगळे. मग उडू."

हलक्या आवाजात म्हणाले, पण मी जवळच होते. आणि काच उघडी होती, त्यामुळे नानासाहेबांनीही ऐकलं. तो माणूस अडाणी होता की काय मला ठाऊक नाही, पण खुळा नव्हता. हात हलवायचा थांबला.

"का हो रेगे? पत्रे कशाला काढायचे?"

"काही नाही, साहेब. खबरदारी म्हणून."

"मग काल ही पोर उडाली, तवा का नाही काढले?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं होतं, असा क्षण आला तर मी काय काय बोलेन. पण एकच वाक्य तोंडातून आलं.

"सर, माझ्या जिवाला पत्रे चालत होते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बुटानं माती उकरत उभे राहिले. विंग कमांडर रेगे, नवा टाय बांधलेले.

नानासाहेब पट्टे सोडून, दोघांच्या आधारानं खाली उतरले. टोपी घातली. चेहऱ्यावरचा खेळ गेला होता. "प्रभुणे, आणा तो कागद. ह्यातून पोरीचं नाव काढा. लिहा, एकाएकी सुटलेल्या वाऱ्यामुळं. कुणाचीच चूक नाही. मिटवा."

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"आता काय राहिलं, बाई?"

"वारा एकाएकी सुटला नाही. वारा ह्या माळावर पहिल्यापासून आहे, तो आपल्या वाटेनं जात होता. पत्रे माणसांनी ठोकले, सॉक माणसांनी हलवला, आणि तुम्ही नाव वाऱ्याचं घालता? जे झालं ते लिहा."

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून आशा होती, की ते म्हणतील, पोरीवर अन्याय झाला. तसं काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "आज मी बसलो होतो त्यात. उद्या माझा नातू बसंल. परत कुणी पत्रे ठोकले तर? लिहा, रेगे, ती म्हणते तसं. तुमच्या हातानं लिहा."

सरांनी लिहिलं. मांडव आणि सॉक दोन्ही लिहिलं. मी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. कोर्सला मीच गेले. लोक म्हणाले, बघ, शेवटी न्याय झाला. कसला न्याय? मी हात मोडून सांगत होते तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही. एका मोठ्या माणसाचा जीव त्या पट्ट्यांत अडकला, तेव्हा सगळ्यांचे कान उघडले. ह्याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, मी म्हणणार नाही.

निघायच्या दिवशी सर एस.टी. स्टँडवर आले होते. म्हणाले, "तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहेस. माझ्यावर क्लबची जबाबदारी होती, भोईटे. समजून घे." मी म्हटलं, "गाडी सुटतेय, सर." गाडी सुटायला अजून अवकाश होता.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. प्रभुणे गेले, नानासाहेब गेले. मी हिंगणमाळलाच परत आले आणि फिरून फिरून मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची माझ्याकडे आली. मागच्या हिवाळ्यात क्लबच्या कमिटीनं ठरवलं, की रेगे सरांचा जाहीर सत्कार करायचा. त्यांची ऐंशी उलटली होती. मी हो म्हटलं. त्यांनी शिकवलं ते खोटं नव्हतं, ते स्वतः त्याला जागले नाहीत एवढंच.

सकाळी सर मुलाबरोबर लवकर आले. काठी टेकत उतरले, पट्टीच्या कडेला खुर्ची टाकून दिली तिथं बसले. मी शेजारी उभी होते. मांडववाल्याची माणसं बांबू रोवत होती, उत्तरेच्या टोकाशी, पश्चिम अंगाला. मी त्यांना आदल्या दिवशी जागा दाखवली होती ती निराळीच होती, पण इथून फोटो चांगला येतो म्हणून कमिटीतल्या कुणीतरी परस्पर बदलून टाकली.

मांडववाला माझ्याकडे आला. तरुण होता, हसरा. "मॅडम, वारा लई आहे हो. पाहुण्यांना त्रास व्हायला नको म्हणून मागं पत्रे मारतोय. आणि हा खांब नेमका मधे येतोय बघा." त्यानं सॉककडे बोट केलं. "दिवसापुरता तिकडे हलवू का?"

मातीत रेघा ओढणारी सरांची काठी थांबली. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकत होते. मीही मुद्दाम आवाज खाली घेतला नाही.

"सॉकला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "मांडव हलवा."

"पण मॅडम, तिकडे नेला तर आडोसा राहत नाही. साहेब म्हातारे आहेत. वाऱ्यात बसतील का?"

"बसतील," मी म्हटलं.

सत्कार उघड्या माळावर झाला. सरांची शाल सारखी उडत होती, आणि त्यांचं भाषण कुणालाही ऐकू आलं नाही.